मीठ कुणाचे खाल्ले?



आपल्या शहरातून जालना रस्त्याने निघाले की चिकलठाण्याचा विमानतळ मागे पडतो आणि थोड्याच वेळात शेंद्र्याचे कारखाने दिसू लागतात. चैत्रात मांगीरबाबाच्या जत्रेला जाणाऱ्यांना हा रस्ता माहीत आहे. जिथे ज्वारी-बाजरी उभी राहायची तिथे आता मोटारी आणि औषधे तयार होतात, आणि ज्यांच्या बापाने औत हाकले ती मुले पाळीच्या बसमधून उतरून फाटकावर कार्ड दाखवतात. असाच माझा एक जुना विद्यार्थी मला मागे शेंद्र्याला भेटला. पहिली पाळी सुटली होती. समोरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला, आणि चहा संपायच्या आत त्याने मला एका प्रश्नात अडकवले. आजचे हे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचे, थोडे उशिरा दिलेले उत्तर आहे.

हा मुलगा कॉलेजात असताना फुटबॉल चांगला खेळायचा. आपल्या मराठवाड्यात हा खेळ तसा कमी. कबड्डी, कुस्ती आणि अलीकडे सगळीकडे क्रिकेट. पण याला चेंडू पायाने मारण्याचेच वेड. आठवडाभर तो यंत्रावर उभा असतो आणि रविवारी एका खासगी फुटबॉल क्लबात लहान मुलांना शिकवायला जातो. त्याबद्दल महिन्याला थोडे पैसे ठरलेले आहेत. क्लबाचे नाव त्याने मला सांगितले, मी तुम्हाला सांगणार नाही. आसपासच्या खेड्यांतले पालक पोटाला चिमटा घेऊन तिथे फी भरतात, कारण मोठ्या क्लबाची निवड करणारी माणसे येतील आणि पोराचे नशीब उघडेल असे त्यांना सांगितलेले असते. आता तिथे झाले असे की शिकवणाऱ्या पोरांचे पैसे चार महिने थकले. ते त्यांनी सोसले. पण तेरा वर्षांच्या एका मुलाचा गुडघा सुजलेला असताना, वर फवारा मारून आणि गोळी देऊन त्याला सामन्यात उतरवले, तेव्हा याला राहवले नाही. त्याने प्रमुखांना विचारले. उत्तर मिळाले, "घरातली गोष्ट घरात ठेव." इकडे ओळखीचा एक बातमीदार त्याच्या मागे लागला होता. "सर," तो म्हणाला, "बोलू का त्याच्याशी? का हे खाल्ल्या मिठाला न जागणं होईल?"

शिक्षकाच्या जिभेवर उत्तर तयार असते, हा आमच्या धंद्याचा दोष आहे. त्या दिवशी माझ्या जिभेवर ते आले नाही.

निष्ठा ही काही टाकून देण्याजोगी वस्तू नाही, हे आधी सांगितले पाहिजे. फुटबॉलमधली निष्ठा पाहायची असेल तर कोल्हापूरला जावे. तिथे १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशन स्थापन झाली, आणि तिथले संघ पेठांचे आणि तालमींचे आहेत. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही तालमींची नावे तिथे आडनावांसारखी लावली जातात. शाहू मैदानावर सामना असला की पेठा ओस पडतात. अशा ठिकाणी संघात वाढलेल्या खेळाडूने संघाची उणीदुणी परक्या गल्लीत सांगावी, हे कुणालाच रुचणार नाही, आणि रुचू नये. उद्या कोण खेळणार, कुणाचा पाय दुखावला आहे, हरल्यावर खोलीत कोण कुणाला काय म्हणाले, या गोष्टी बातमीदाराला पुरवणे म्हणजे निव्वळ चुगली. कारखान्यातही तसेच. मालाची कृती, गिऱ्हाइकाचा भाव, हे बाहेर सांगायचे नसते. त्यासाठी आपण सही केलेली असते, आणि सहीला किंमत आहे.

पण मिठाची गोष्ट निघाली की मला गावचा जागल्या आठवतो. आजच्या तरुणांनी हा शब्द वर्तमानपत्रात वाचला असेल. आतली गैरगोष्ट उघड करणाऱ्या माणसाला हल्ली मराठीत जागल्या म्हणतात, आणि मला तो शब्द फार नेमका वाटतो. पूर्वी जागल्या रात्री गावात गस्त घाली. त्याला सुगीला धान्य मिळे ते गावाकडून. समजा पाटलाच्याच वाड्यातून कुणी गावाचे धान्य पळवीत असेल, तर जागल्याने ओरडावे की पाटलाच्या मिठाला जागावे? मीठ पाटलाचे नव्हतेच. ते गावाचे होते.

फुटबॉल क्लबातले मीठ कुणाचे असते? मालकाचे थोडे असते खरे. पण तिकीट काढणारा, दूरदर्शनसंचापुढे बसणारा, फी भरणारा बाप, आणि ज्यांच्या पायांवर हा सगळा खेळ चालतो ते खेळाडू, या सगळ्यांचे ते मीठ असते. पुण्याचेच उदाहरण घ्या. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा पुणे सिटी नावाचा संघ निघाला. बालेवाडीला त्याचे सामने होत. २०१९ साली पैशाच्या अडचणीने तो बंद पडला आणि त्याच्या जागी हैदराबादचा नवा संघ आला. या संघाने मार्च २०२२ मध्ये गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर अंतिम सामना जिंकला, केरळच्या संघाला पेनल्टीवर हरवून. विजेतेपदाचा करंडक मिळाला. पुढच्या दोन वर्षांत याच संघात पगार थकले. परदेशी खेळाडू करार मोडून निघून गेले, मग देशी खेळाडूही गेले. जागतिक संघटनेने, म्हणजे फिफाने, नवे खेळाडू घ्यायला बंदी घातली. जमशेदपूरच्या एका हॉटेलाने तर बिल थकल्याची तक्रार पोलिसांत नेली. अखेर २०२५ साली हा संघ नाव बदलून दिल्लीला गेला. पुण्याहून हैदराबाद, हैदराबादहून दिल्ली. मागे त्या त्या गावचे प्रेक्षक तसेच उभे.

आता विचार करा, पगार थकणार आहे हे सर्वांत आधी कुणाला कळले असेल? हिशेबनीसाला, मालीश करणाऱ्याला, कपडे सांभाळणाऱ्याला, बस चालवणाऱ्याला. अशा माणसांना सगळे दिसते आणि त्यांना कुणी विचारीत नाही. परदेशी खेळाडूजवळ कलमे घातलेला करार असतो, तो झुरिकला दाद मागू शकतो. कपडे धुणाऱ्याला झुरिक कुठले? तो बोलला तर दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा येतो, आणि बोललेल्या माणसाला पुढचा क्लबही उभा करीत नाही. म्हणून "लोक का बोलत नाहीत" असे आपण मोठ्या आवाजात म्हणतो, तेव्हा कोणत्या लोकांबद्दल बोलतो आहोत हे पाहिले पाहिजे. माझ्या मते बोलण्याचे ओझे सर्वांत कमी पगाराच्या माणसावर टाकणे हा अन्याय आहे. ज्याचे नाव मोठे, ज्याला काढणे मालकाला अवघड, त्याने आधी तोंड उघडावे.

हे कसे होते ते नुकतेच आपण पाहिले. लीग चालवण्याचा पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता आणि पुढचे काही ठरेना. नवा हंगाम लांबला. ऑगस्ट २०२५ मध्ये बंगळूरच्या क्लबाने खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार बेमुदत थांबवले. हे पगार म्हणजे फक्त तारांकितांचे नव्हेत, मैदानाला पाणी मारणाऱ्यांचेही. अखेर जानेवारी २०२६ मध्ये सुनील छेत्री, गुरप्रीतसिंग संधू, संदेश झिंगन अशा खेळाडूंनी उघडपणे, स्वतःचा चेहरा दाखवून, फिफाकडे साकडे घातले की आमचा खेळ वाचवा. त्यानंतर थोड्याच दिवसांत फेब्रुवारीत स्पर्धा सुरू करण्याची घोषणा झाली. त्यांच्या बोलण्यानेच ती झाली असा दावा मी करणार नाही. पण त्यांच्यामुळे त्या पाणी मारणाऱ्याला बोलावे लागले नाही, हे मात्र खरे.

मोठ्या नावाचे लोक बहुतेक वेळा बोलतात ते नोकरी गेल्यावर, हेही सांगून टाकतो. भारतीय संघाचे क्रोएशियन प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांना जून २०२४ मध्ये काढले. त्यानंतर चारच दिवसांनी त्यांनी पत्रकारांपुढे महासंघाच्या कारभाराचे वाभाडे काढले. त्यातले खरे किती हा वाद राहो बाजूला. ऐकणारा म्हणतो, पगार चालू असताना का नाही बोललात? आणि प्रश्न अगदीच खोटा नसतो. उशिरा आलेल्या सत्याला सूडाचा वास येतो.

काही वेळा मात्र लहान माणसालाच बोलावे लागते, कारण मधले सगळे दार बंद असते. मार्च २०२४ मध्ये गोव्यात महिलांच्या लीगचे दुसऱ्या श्रेणीचे सामने चालू होते. हिमाचल प्रदेशातून आलेल्या एका संघातील दोन मुलींनी तक्रार केली की संघाच्या मालकाने रात्री खोलीत येऊन आम्हाला मारहाण केली. आता त्यांनी कुणाकडे जावे? तो गृहस्थ अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या कार्यकारिणीचा सदस्य होता. म्हणजे ज्या ओसरीवर तक्रार न्यायची, तिथे आरोपीच लोडाला टेकून बसलेला. त्या मुली गोव्याच्या संघटनेकडे गेल्या, पोलिसांत गेल्या, बातमी देशभर झाली. म्हापशाच्या पोलिसांनी त्या गृहस्थाला अटक केली आणि महासंघाने त्याला निलंबित केले. आरोप सिद्ध करणे हे न्यायालयाचे काम. पण परक्या राज्यात, आपल्याच संघाच्या मालकाविरुद्ध, हातात दुसऱ्या दिवसाचा सामना असताना उभे राहायला काय लागते, याचा विचार आपल्या मुलींच्या आयांनी करून पाहावा.

बाहेरच्या देशांतही हेच. इंग्लंडमध्ये अँडी वुडवर्ड नावाच्या माजी खेळाडूने नोव्हेंबर २०१६ मध्ये 'गार्डियन' या दैनिकाच्या बातमीदाराला आपले नाव छापू देऊन सांगितले की मी लहानपणी क्रू गावच्या क्लबात शिकत असताना तिथल्या प्रशिक्षकाने माझ्यावर अत्याचार केले. नाव छापले गेले आणि बांध फुटला. शेकडो लोक पुढे आले. पुढे नेमलेल्या चौकशीचा अहवाल २०२१ साली प्रसिद्ध झाला, आणि इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने १९९५ ते २००० या काळात मुलांच्या सुरक्षिततेसाठी करायला हवे ते पुरेसे केले नाही, असे त्यात नोंदले गेले. इतकी वर्षे क्लबांची अब्रू सांभाळली गेली, ती कुणाच्या जिवावर?

शाळेतल्या माझ्या बंधूंना हे ऐकताना बदलापूर आठवले असेल. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या एका शाळेतील दोन चिमुकल्या मुलींची गोष्ट बाहेर आली ती लोक रेल्वेच्या रुळांवर उतरल्यावर. "शाळेचं नाव खराब होईल" हे वाक्य आपण सगळ्यांनी शिक्षकांच्या खोलीत कधी ना कधी ऐकलेले आहे. म्हणून हे स्पष्ट सांगतो. मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर ती पोलिसांना कळवणे हे २०१२ च्या कायद्याने प्रत्येकाचे बंधनकारक कर्तव्य आहे. न कळवणे हा गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाला त्यासाठी जास्त शिक्षा आहे. इथे निष्ठेचा प्रश्नच उरत नाही. मात्र त्याच कायद्याने मुलाचे नाव, गाव, शाळा छापायला मनाई केली आहे. बाईमाणसाच्या कामाच्या जागी झालेल्या छळाबद्दल २०१३ चा जो कायदा आहे, त्याखालच्या तक्रारीचा तपशीलही वर्तमानपत्राला देता येत नाही. तेव्हा प्रत्येक गाऱ्हाण्याचा रस्ता छापखान्याकडे जात नाही.

छापखान्याची दुसरी बाजूही आपल्या महाराष्ट्राने फार पूर्वी पाहिली आहे. १८८१-८२ ची गोष्ट. पुन्हा कोल्हापूरच. तिथल्या तरुण महाराजांचा छळ होतो आहे अशी आतल्या लोकांकडून बातमी आली, आणि कारभारी बर्वे यांची म्हणून काही पत्रे पुराव्यादाखल पुण्याला पोचली. 'केसरी' आणि 'मराठा' पत्रांनी प्रकरण उचलून धरले. बर्व्यांनी खटला भरला. पत्रे बनावट ठरली, आणि टिळक व आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. यात मला चटका लावणारी गोष्ट अशी की महाराजांविषयीची काळजी खोटी नव्हती. डिसेंबर १८८३ मध्ये नगरच्या किल्ल्यात, पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर, त्यांचा मृत्यू झाला. दुखणे खरे होते, कागद खोटे होते. कागद खोटे निघाल्याबरोबर दुखण्याकडे कुणी पाहिले नाही. आतला माणूस ऐकीव गोष्ट घेऊन बातमीदाराकडे धावतो तेव्हा त्याने हे प्रकरण आठवावे.

कायदा किती पाठीशी उभा राहतो? आपल्याकडे जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ साली संमत झाला, राष्ट्रपतींची सही झाली, आणि तो अजून अमलात आणलेला नाही. आणला तरी तो सरकारी कारभारातल्या गैरप्रकारांपुरता आहे आणि तक्रार ठरलेल्या अधिकाऱ्याकडेच करावी लागेल. खासगी क्लबातल्या सहायक प्रशिक्षकाला त्याचा काही उपयोग नाही. इंग्लंडने १९९८ साली केलेला कायदा पुढे गेला आहे. तिथेही वर्तमानपत्राकडे जाण्याला सरसकट मोकळीक नाही. सांगितलेले खरे आहे असा सयुक्तिक विश्वास हवा, त्यातून स्वतःचा फायदा साधायचा नसावा, आणि आधी मालकाला सांगून झालेले असावे, किंवा सांगितले तर तो सूड घेईल अगर पुरावा नाहीसा करील अशी भीती हवी. या कायद्याचे एक कलम मला फार आवडते. गैरप्रकार उघड करायला बंदी घालणारी करारातली अट तिथे तेवढ्यापुरती रद्द समजली जाते. म्हणजे सहीला किंमत आहे, पण सहीने पाप झाकता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, प्राध्यापक महाशय आकाशवाणीवर बसून दुसऱ्यांना धीर देत आहेत. खरे आहे. या भाषणासाठी मलाही रीतसर परवानगी काढावी लागली. मी प्राचार्यांना विषय सांगितला तेव्हा ते क्षणभर पेन हातात धरून बसले. मग हसले आणि सही केली.

तर त्या मुलाला मी काय सांगितले? दुसऱ्या दिवशी त्याला घरी बोलावले. म्हटले, आधी दोन गोष्टी वेगळ्या कर. तुझे थकलेले पैसे हे तुझे गाऱ्हाणे आहे. मुलाचा गुडघा हे तुझे गाऱ्हाणे नाही, तो त्या मुलाचा आहे. दोन्ही एका पत्रात घातलेस तर ते म्हणतील, पैशासाठी बोंबलतो आहे. पैशाचा अर्ज निराळा लिही. आणि गुडघ्याबद्दल वर्तमानपत्राच्या आधी, क्लबाच्याही आधी, त्या पोराच्या बापाला सांग. तो गावाकडे शेतात आहे, त्याला वाटते आहे की पोरगं मोठं होतंय. त्याला कळवण्याने तू कुणाचा विश्वासघात करीत नाहीस, कारण फी तो भरतो आणि पोरगा त्याचा आहे. आपण एकीकडे मालक आणि दुसरीकडे बातमीदार एवढेच बघतो, आणि मधला हा माणूस विसरून जातो.

मग आम्ही क्लबाला पत्र लिहिले. जे स्वतः पाहिले तेवढेच, तारखेसह. कोणत्या सामन्यात, कोणत्या अर्ध्यात, काय दिले, कुणासमोर. एक विशेषण नाही. तो म्हणाला, "सर, फारच कोरडं झालं." मी म्हटले, कोरडंच असू दे. पोच घे, प्रत जवळ ठेव, पंधरा दिवसांची मुदत दे. मुदतीत डॉक्टर आला नाही, मुलांना तसेच खेळवत राहिले, तर त्या बातमीदाराला हीच प्रत दे, आणि खाली तुझे नाव असू दे. निनावी मजकुरावर बातमी छापून येईलही, पण मग क्लबात प्रत्येक जण दुसऱ्याकडे संशयाने पाहील आणि शिक्षा भलत्यालाच होईल. नोकरी जाऊ शकते, हेही मी त्याला सांगितले. रविवारची नोकरी लहान आहे, पण त्याच्या आठवड्यात तेवढा एकच दिवस त्याचा स्वतःचा असतो. ते ऐकून तो बराच वेळ गप्प बसला. शेवटी म्हणाला, त्या बाकीच्या दोघा शिकवणाऱ्यांचीही सही घ्यावी का? मी म्हटले, विचार, पण गळ घालू नकोस. एकाच्या घरी म्हातारी आजारी आहे, हे त्यानेच मला सांगितले होते.

पत्र दिले. सही एकट्याचीच गेली. पोरग्याचा बाप त्याच आठवड्यात एसटीने आला आणि मुलाला घाटीच्या दवाखान्यात दाखवून घेऊन गेला. क्लबाकडून पत्राला अजून लेखी उत्तर नाही. पंधरा दिवसांपैकी हे भाषण लिहीपर्यंत नऊ झाले आहेत. काल रात्री त्याचा फोन आला होता. या रविवारी मैदानावर गेला तेव्हा कुणी त्याला अडवले नाही, कुणी बोललेही नाही. फक्त बाकावर एक नवी औषधाची पेटी आणून ठेवलेली होती, आणि तिची किल्ली कुणाकडे आहे ते कुणी सांगेना.